कॅश व्हॅनबाहेरचा अली

अली होडेकर रत्नागिरीतल्या मांडवीचा. त्याची अर्धी हयात जड गाड्या चालवण्यात गेली. इराकमधल्या बसऱ्यात तो एका तेल कंपनीच्या इंजिनियरांची ने-आण करायचा. गाडी बाहेरून कुठल्याही मोठ्या जीपसारखी दिसे, पण काच चार बोटं जाड, दार ढकलायला खांदा लावावा लागे आणि खिडकी कधी खालीच होत नसे. तिकडे ते रोजचंच होतं. साहेब लोक भाजी आणायलाही तसल्याच गाडीतून जात. त्याच्याबरोबरचा एक ब्राझीलचा ड्रायव्हर सांगायचा, आमच्याकडे तर दुकानदार आणि दातांचे डॉक्टरसुद्धा आपल्या गाडीला आतून पोलाद बसवून घेतात आणि तिच्यातूनच पोरांना शाळेत सोडतात. सुरुवातीला अलीला याचं हसू यायचं. पुढे येईनासं झालं.

तिथला नियम एकच होता. वाटेत दार उघडायचं नाही. कोणी आडवं आलं, हात केला, रस्त्यात पडून राहिलं, तरी नाही. अलीच्या अंगात तो नियम इतका भिनला की सुट्टीवर आला तरी रिक्षात बसल्यावर तो दोन्ही बाजूंना बघत राही. शेवटी बायकोने, फरीदाने, हट्ट धरून त्याला कायमचं घरी बोलावलं.

रत्नागिरीत काम मिळालं तेही पुन्हा बंद गाडीवरच. एका एजन्सीची कॅश व्हॅन होती, एटीएममध्ये नोटा भरणारी. पुढे ड्रायव्हर आणि बंदूकवाला गार्ड, मागच्या सीटवर रोकड सांभाळणारा, त्याच्या पाठीमागे पोलादी कप्पा. खिडक्यांना जाड काच आणि वरून जाळी. गार्ड हरिश्चंद्र शितप फौजेतून आलेला, अलीपेक्षा वयाने मोठा, कमी बोलणारा. रोकड सांभाळणारा सुजय लग्नाचा मुलगा होता. इथेही दार न उघडायचा नियम तोच.

त्या वर्षी भातकापणीच्या दिवसांत मंडणगडची फेरी होती. थोड्याच दिवसांपूर्वी शेजारच्या जिल्ह्यात अपघाताचं सोंग करून एक व्हॅन लुटली गेली होती. गार्ड जागीच गेला होता. त्यामुळे तिघांचंही लक्ष रस्त्यावर होतं. दुपारचं ऊन कातळावर तापलं होतं आणि रस्ता रिकामा होता.

एका वळणापुढे रस्त्याच्या मध्येच एक तरुण बाई दोन्ही हात वर करून उभी दिसली. तिच्या मागे, करवंदीच्या जाळीच्या सावलीत, कोणीतरी आडवं पडलं होतं. थोडं पुढे एक मोटरसायकल आणि तिच्याजवळ दोन पुरुष. अलीने ब्रेक दाबला.

"थांबू नको. बाजूने काढ," हरिश्चंद्र म्हणाला. त्याने बंदूक मांडीवर घेतली.

बाजू नव्हतीच. एकीकडे दरड, दुसरीकडे गटार. मागे घ्यावी तर वळण. बाई धावत आली आणि काचेवर थापा मारू लागली. तोंड हलत होतं, पण आत नीट काहीच ऐकू येत नव्हतं. ती मागे बोट दाखवत होती आणि मग आपल्या पोटरीवर हात मारत होती. सुजय सारखा एजन्सीला फोन लावत होता. रेंज नव्हती.

अलीने त्या दोन पुरुषांकडे पाहिलं. एकाचा हात शर्टाखाली होता. तो तिथे काय धरून होता, ते कळत नव्हतं.

"मी उतरतो," अली म्हणाला. "माझ्यामागे दार लावून घ्या, हरिभाऊ. मला काय झालं, मी काय सांगितलं, तरी उघडू नका."

हरिश्चंद्रने त्याचा दंड धरला. अलीने तो हळूच सोडवला आणि खाली उतरला. मागे लॉक पडल्याचा आवाज त्याने ऐकला. बाहेर पहिल्यांदा जाणवला तो उकाडा, आणि मग त्या बाईचं रडणं.

तिचं नाव श्रद्धा. पडलेली होती ती तिची सासू, जनी. पेंढ्या बांधताना घोणस चावली होती. पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता आणि हिरड्यांतून रक्त येत होतं. अँब्युलन्स लांबून निघाली होती. ते दोघे वाटसरू, मदतीला थांबलेले. शर्टाखाली हात होता त्याचा खांदा जनीला उचलताना लचकला होता. मोटरसायकलवर ती बसूच शकत नव्हती.

अली परत व्हॅनकडे गेला आणि काचेवर टकटक केली. हरिश्चंद्रने मान हलवली. नाही. अलीने हाताने खूण केली, सगळं ठीक आहे म्हणून. हरिश्चंद्र हलला नाही. त्याची नजर अलीच्या खांद्यावरून त्या दोघांवर होती. पाठीला पिस्तूल लावलेला माणूसही असंच हसून दार उघड म्हणेल, हे अली आणि हरिश्चंद्र दोघांनाही ठाऊक होतं.

अलीने काच बडवली. ओरडला. आपला आवाज आत पोचत नाही, हे त्याच्या लक्षात आलं. एवढी वर्षं तो काचेच्या आत बसला होता, बाहेरून ती अशी लागते याची त्याला कल्पना नव्हती. मग त्याने बडवणं सोडलं. तो मागे फिरला, जनीपाशी जाऊन बसला आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. तिचा श्वास घरघरत होता.

मागे दार उघडल्याचा आवाज आला. हरिश्चंद्र बंदूक घेऊन खाली उतरला. त्याने त्या दोघा वाटसरूंना मोटरसायकल घेऊन पार वळणापलीकडे जायला लावलं, मगच जनीला उचलायला हात दिला. मंडणगडच्या दवाखान्यापर्यंत अलीने एकदाही पाय ॲक्सिलरेटरवरून काढला नाही. मागच्या सीटवर सुजय तिच्या तोंडातलं रक्त रुमालाने पुसत होता.

जनी वाचली. तिला पुढे मोठ्या इस्पितळात न्यावं लागलं, बरेच दिवस राहावं लागलं.

एजन्सीत चौकशी झाली. दार कुणी उघडलं, असं विचारल्यावर अली म्हणाला, मीच. हरिश्चंद्रच्या घरी मुलीचं लग्न ठरलं होतं, हे त्याला माहीत होतं. हरिश्चंद्र मान खाली घालून उभा राहिला. अलीला त्याच दिवशी काढलं.

घरी फरीदा चिडली. बाईला वाचवलं याचा तिला राग नव्हता. स्वतः उतरलात, तेव्हा घरात आम्ही आहोत हे आठवलं नाही का, असं तिने विचारलं.

काही आठवड्यांनी हरिश्चंद्र मांडवीला घरी आला. बसला, पाणी प्यायला आणि फरीदाला म्हणाला, "वहिनी, दार मी उघडलं होतं. हा काच बडवत होता तोवर उघडणार नव्हतो. पाठ फिरवून तिच्याजवळ जाऊन बसला, तेव्हा कळलं की याच्यावर कोणाची जबरदस्ती नाही." मग त्याने सांगितलं, की सकाळीच ऑफिसात जाऊन हे सगळं लिहून दिलंय.

अलीला परत घेतलं नाही, आणि हरिश्चंद्रचीही नोकरी गेली. अली आता मिरकरवाडा बंदरावरून मासळीचा टेम्पो चालवतो. हरिश्चंद्रच्या मुलीच्या लग्नात वऱ्हाडाची गाडी अलीनेच हाकली. फरीदा पुढे त्याच्या शेजारी बसली होती.