तापाच्या कक्षावरची फीत

फ्लूच्या साथीसाठी सज्ज केलेल्या नव्या कक्षाच्या दारावर काल सकाळी लाल फीत बांधलेली होती. आत शुभ्र चादरींच्या खाटा रिकाम्या होत्या आणि बाहेर पायऱ्यांवर माणसे तापाने कण्हत बसली होती. उद्घाटनाच्या पूजेसाठी मला बोलावले होते. दाराशीच एक बाई पतीचे डोके मांडीवर घेऊन बसली होती. त्याला धाप लागली होती.

"गुरुजी, तुम्ही तरी सांगा ना यांना. आत घ्या म्हणावं."

मी आरोग्य अधिकाऱ्यांकडे गेलो. ते हसून म्हणाले, "मंत्रिमहोदय निघालेत. पूजेआधी दार उघडणं अशुभ, हे तुम्हाला आम्ही सांगायचं?"

ज्या शास्त्राची आयुष्यभर सेवा केली, ते या माणसाने स्वतःच्या निष्ठुरतेवर पांघरलेले पाहून माझे अंग पेटले. साथ गावात येऊन ठेपली आहे, औषधे कपाटात आहेत, आणि सारे एका मोटारीसाठी अडले आहे! अतिथीला देव मानावे असे मी शिकलो. पण अतिथी म्हणजे दारात आलेला, अजून वाटेत असलेला नव्हे. दारातला देव धापा टाकत असताना मी कोणत्या मूर्तीवर अक्षता वाहणार होतो?

"साहेब, आधी हा आत जाईल."

"अहो, मग मंत्र्यांना काय सांगू?"

"सांगा, पूजा झाली."

त्या बाईने एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने त्याला उठवले. आमच्या अंगाच्या रेट्याने फीत सुटून खाली पडली. ती उचलायला मात्र अधिकारी तत्परतेने धावले.