ग्लेनिसने मोजलेले चेंडू

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मूंटा गावच्या आमच्या क्रिकेट क्लबात ग्लेनिस ट्रेव्हास्किसला कुणी कोच म्हणत नसे. आठवडाभर ती शाळेची बस चालवायची आणि शनिवारी सीमारेषेबाहेर खुर्ची टाकून बसायची. तरुणपणी ती आमच्या भागातली सगळ्यात वेगवान बोलर होती. तेविसाव्या वर्षी कंबर दुखायला लागली. स्नायू आखडलाय, होईल मोकळा, असं सगळे म्हणाले आणि ती टाकत राहिली. मणक्याचं हाड चिरलं होतं. त्यानंतर ती सामन्यात उतरली नाही.

म्हणूनच विद्यापीठाच्या अभ्यासासाठी सेन्सरवाल्या आठ बंड्या आल्या, तेव्हा ते काम तिने मागून घेतलं. बंडी अंगाला घट्ट बसायची आणि पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, काडेपेटीएवढं यंत्र असायचं. धाव किती जोरात, अंग किती झपकन वळलं, एकूण चेंडू किती, सगळं ते टिपायचं.

"हे बायकांच्या ब्रासारखं दिसतंय," लॅकी म्हणाला. लॅकी नॅनकर्व्हिस, वय एकोणीस, आमचा हुकमी बोलर.

"मी पंचेचाळीस वर्षं घालतेय. तुला पाच मिनिटांत जड झालं होय?"

पोरं हसली. मग अठ्ठावन्न वर्षांच्या ग्लेनिसने स्वतः बंडी चढवली आणि सहा चेंडू टाकले. मी विकेटकीपर आणि कॅप्टन. सहाव्या चेंडूला माझ्या हाताला झिणझिण्या आल्या. दुसऱ्या दिवशी तिला बसच्या पायऱ्या चढवेनात, हे मला तिच्या नवऱ्याकडून कळलं.

यंत्रावरही तिचा आंधळा विश्वास नव्हता. चार शनिवार ती पेन्सिल घेऊन प्रत्येक चेंडू मोजत बसली. सीमारेषेवरून जोरात केलेला थ्रोसुद्धा यंत्र चेंडू म्हणून धरतंय, हे तिने शोधलं. विद्यापीठवाल्यांनी मुकाट्याने दुरुस्ती केली.

मार्चमध्ये फायनल आली. लॅकीला बघायला ॲडलेडहून राज्याच्या निवड समितीचा माणूस येणार होता. आदल्या संध्याकाळी ग्लेनिसने मला बोलावलं. लॅकी शेजारीच उभा होता.

"बुधवारी सराव नव्हता. तरी याच्या यंत्रात चौऱ्याऐंशी चेंडू आहेत," ती म्हणाली. "कुठे टाकलेस?"

"शाळेच्या नेटमध्ये. एकटाच," लॅकी पुटपुटला.

"मग बंडी कशाला घातलीस?"

"वेग बघायचा होता."

"वेग आहे तेवढाच आहे. पण गेल्या सामन्यात तिसऱ्या स्पेलपासून तुझं अंग पूर्वीसारखं वळत नाहीये. आता डाव्या पायावर उभा राहा आणि मागे वाक."

तो वाकला. कळ चेहऱ्यावर दिसू नये म्हणून त्याने फार प्रयत्न केला, पण जमलं नाही.

"उद्याचा दिवस तरी टाकू दे त्याला," मी म्हणालो. "एक दिवसाने काय होतंय?"

"माझ्या कॅप्टननेही हेच विचारलं होतं," ग्लेनिस शांतपणे म्हणाली. "कॅप्टन तू आहेस. मी फक्त सांगितलं."

रागारागात मी घरी गेलो. सकाळी लॅकीला बॅटिंगला ठेवलं आणि बोलिंग दिली नाही. आम्ही दोन विकेटनी हरलो. निवड समितीचा माणूस चहाच्या वेळीच निघून गेला. क्लबात ग्लेनिसशी कुणी बोललं नाही, मीसुद्धा नाही. तिने घामेजलेल्या आठही बंड्या गोळा केल्या, धुवायला घरी नेल्या.

त्याच आठवड्यात लॅकीच्या कमरेचा स्कॅन झाला. हाड सुजलं होतं, पण चिरलेलं नव्हतं. आणखी दोन सामने खेळला असता तर वर्ष गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. मी ते ऐकून तडक ग्लेनिसकडे गेलो आणि माफी मागितली.

"बस, पेस्टी गरम आहे," बटाटा-मांसाची ती मोठी करंजी माझ्यापुढे सरकवत एवढंच ती म्हणाली.

लॅकीने चार महिने चेंडूला हात लावला नाही. पुढे सहा आठवडे ग्लेनिसने त्याला मोजून चेंडू दिले, पहिल्या दिवशी फक्त बारा. तो रोज कुरकुरायचा, ती रोज ऐकून घ्यायची. डिसेंबरात त्याने एका डावात पाच बळी घेतले. ॲडलेडहून बोलावणं मात्र अजून आलेलं नाही.

आता आसपासचे तीन क्लब ग्लेनिसला बोलावतात. परवा एका कॅप्टनने तिला फोनवर विचारलं, यंत्र असल्यावर तुमची गरज काय?

"यंत्राला दुखणं लपवणारा पोरगा ओळखता येत नाही," ती म्हणाली, आणि रविवारी किती वाजता यायचं ते विचारून घेतलं.