मामाची शिंक

एका माणसाला एकाच शिंकेत तुम्ही किती वर्षं कोंडून ठेवणार?

घरोघरी टीव्ही नवा होता, तेव्हा माझा मामा एका विनोदी मालिकेत कारकून व्हायचा. साहेबापुढे उभा राहिला की त्याला लागोपाठ तीन शिंका यायच्या आणि टेबलावरचे कागद उडायचे. पुढे डॉक्टरची, सासऱ्याची कामं मिळाली, तरी दिग्दर्शक म्हणायचेच, "तेवढी शिंक टाका." कंटाळून तो सोलापूरला परतला. इथे लोकांनी ती बँकेच्या रांगेत मागितली, लग्नात मागितली, आजोबांच्या दहाव्यालासुद्धा मागितली.

खरं तर ती शिंक आजोबांचीच. यंत्रमागावर जन्मभर सुताची धूळ खाऊन ते तसे शिंकायचे. शिंकेचा खोकला झाला, खोकल्यातच ते गेले.

गेल्या वर्षी आमच्या संघटनेने माग कामगारांची सभा ठरवली. मामा म्हणाला, "पोरी, मला बोलू दे. शिंक न्हाय, पंख्याचं बोलायचंय." वाऱ्याने सूत तुटतं म्हणून शेडच्या खिडक्या बंद असतात. मग निदान धूळ बाहेर फेकणारा पंखा तरी बसवा, एवढंच त्याला सांगायचं होतं.

पत्रक मी काढलं. माणसं जमावीत म्हणून त्यावर त्याचा जुना फोटो छापला: डोळे मिटलेले, नाक वर. तत्त्वाच्या गप्पा मारणारी मीच ती.

मैदान भरलं. मामा उभा राहिला. "माझ्या वडलांची छाती..." म्हणाला आणि श्वास घ्यायला थांबला.

"आली, आली!" पुढचे लोक ओरडले.

"शेडात पंखा..."

"ओ कारकून, आधी शिंक, मंग पंखा!"

हसणारे सगळे मागावरचेच होते. एक म्हातारा तर हसता हसता खोकत खाली बसला. मामाने माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात उरलेली पत्रकं होती. त्याने डोळे मिटले आणि तीन वेळा शिंकला. टाळ्या थांबेनात. तो खाली उतरला.

रिक्षात म्हणाला, "गर्दी लई जमली की."

त्यानंतर तो कुठल्याही व्यासपीठावर चढलेला नाही. म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या गल्लीत मागाची शेड असेल, तर उद्या तिथे जा आणि पंखा कुठे आहे ते मालकाला विचारा. जाताना मामालाही हाक मारा. बोलायचं त्याला द्या, आणि त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबा.