नातू ब्राझिलेइरो झाला

मंडळी, सकाळपासून डोकं चालत नाही. सांगतो, मग तुम्हीच समजवा.

माझी लेक आणि जावई ब्राझीलमध्ये नोकरीला आहेत. नातू तिथेच जन्मला. आज फोनवर लेक म्हणाली, "बाबा, त्याचा पासपोर्ट इथलाच आला. तो आता ब्राझिलेइरो."

"म्हणजे कोण?"

"ब्राझीलचा माणूस. लिहिताना रो, बोलताना रू. पूर्वी इथलं तांबडं लाकूड तोडणाऱ्याला, विकणाऱ्याला तसं म्हणायचे. पुढे देशातल्या सगळ्या माणसांनाच ते नाव पडलं."

मी सातवी शिकलेला. मला काही उमजेना. माझा नातू लाकूडवाला की परदेशी? आणि आपला राहिला की नाही?

खाली शेजारच्या सिंधी दादांचं दुकान आहे. त्यांना सगळं सांगितलं. ते हसले. "अरे काडीवाले, मैंने सिंध देखा भी नहीं, फिर भी सिंधी हूँ. तू क्यों घबराता है?"

मी अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्यात होतो. कारखाना कधीच बंद पडला, पण इथे आमच्या कॅम्प चार वस्तीत मी अजून काडीवालाच.

"इधर आएगा तो सब बोलेंगे, काडीवाले का नाती आया," दादा म्हणाले.

तेवढ्यापुरतं बरं वाटलं. पण तो इकडे आलाच नाही तर? तिथे काडीवाला कोणाला माहीत?

तुमची नातवंडं परदेशात असतील, तर त्यांना तुम्ही आपलं काय सांगता? मी उद्या फोनवर त्याला माझं हेच नाव ऐकवणार आहे. त्याची अजून मान धरत नाही, तरी ऐकवणार.