लावलेलं कळू नये म्हणून

शेजारच्या ताई हॉस्पिटलात होत्या. त्यांना डबा देऊन मी बाथरूममध्ये गेले, तर आरशासमोर एक पंचविशीची मुलगी उभी होती. रडून डोळे सुजलेले. बोटाच्या टोकावर जरासं फाउंडेशन घेऊन ती डोळ्यांखाली हलकेच थोपटत होती, जास्त झालेलं टिपून काढत होती. मग लिपस्टिकचा एक ठिपका तिने गालावर पुसट होईपर्यंत चोळला.

"काकू, काही लावलंय असं वाटतं का?" तिने मला विचारलं.

"नाही गं. छान झोप झाल्यासारखी दिसतेस."

"बास. बाबांना तेवढंच दिसायला हवं."

ती गेली. माणूस नटतो ते कुणीतरी पाहावं म्हणून. हिची सारी मेहनत मात्र काही दिसू नये यासाठी होती. वॉर्डावरून जाताना तिच्या वडिलांचा खोल गेलेला आवाज कानावर आला, "आज टवटवीत दिसतेस." ती हसली.

परतताना रिक्षात मला उगाचच रडू आलं. घराचं कुलूप काढलं आणि तशीच आत गेले. रडलेला चेहरा लपवावा, असं घरात आता कुणी नव्हतं.