समोरच्याच्या मांडवातली सुई

कोरोनात कॉलेज बंद पडलं आन् मी संभाजीनगरची खोली सोडून गंगापूरकडं, आमच्या गावात आलो. माझ्याकडं कला एकच, आवाज काढायची. क्रांती चौकातल्या टपरीवर आमदारांचे आवाज काढून मी फुकट चहा प्यायचो. गावात टपरी बंद. मग आवाज ऐकवायला उरला फक्त काका.

काका म्हंजे पक्षाचा माणूस. झोपताना बी गळ्यात पक्षाचा गमछा. मास्कवर बी साहेबांचा फोटो छापलेला, काका बोलायला लागला की साहेबांचं तोंड हलायचं! समोरच्या पक्षानं वाटलेल्या मास्कनं काकी चुलीवरची कढई उतरवायची. साहेब टीव्हीवर म्हणले, आजार-बिजार काय नाय, की काकाचा मास्क हनुवटीवर. साहेब मास्क घालून दिसले की परत नाकावर. समोरच्यांचं सगळं बरोबर उलटं. निम्म्या गावाची नाकं उघडी, निम्म्याची झाकलेली, आन् कोणाची कोणत्या दिवशी ते टीव्हीच्या बातम्यांवर.

मग शाळेत लस आली. लस सरकारी, नर्स सरकारी, पण मांडव, चहा आन् बॅनर समोरच्या पक्षाचं. सुई घेतली की बॅनरखाली उभं राहून फोटो काढायचा, फोटो लगेच ग्रुपवर.

"मेलो तरी त्या बॅनरखाली उभा राहणार नाय," काका म्हणला.

काकाला शुगर, वरून दमा. त्याच्याच वयाचा शेजारचा माणूस दवाखान्यात नेला तो परत आलाच नव्हता. काकी रोज हातापाया पडायची. काका गमछा झटकायचा.

त्या सकाळी काकी रडायलाच लागली. मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी काकाचाच गमछा उचलला, गळ्यात घातला आन् अंगणात उभा राहून साहेबांचा आवाज काढला.

"मित्रांनो! आज आपल्यातून एक निष्ठावान कार्यकर्ता गेला. ज्यानं माझ्यासाठी सतरंज्या उचलल्या, ते आपले लाडके... आपले..." मी बाजूला वाकलो, "काय नाव रे ह्याचं?"

काकी पदर तोंडात कोंबून हसली. हसता हसता डोळे पुसले.

काका माझ्याकडं वळला. मला वाटलं आता चप्पल येतीय.

"मागच्या सभेत बी विचारलं होतं त्यांनी," काका हळूच म्हणला. "दे तो गमछा इकडं. चल शाळेत."

काय सांगू! मी पळतच पुढं. मांडवात समोरच्या पक्षाचे भाई बसलेले. सायकलच्या दुकानवाले, काकाचे लहानपणीचे कुस्तीचे जोडीदार, निवडणुकीपासून बोलणं बंद.

"अरे पैलवान! आ गया क्या हमारे पार्टी में?"

"सुई घ्यायला आलोय. फोटो नाय काढायचा."

"मत निकाल बाबा. पन गमछा तो उतार."

"नाय उतरवत."

नर्सबाई ओरडल्या, "गमछा कुठं बी राहू द्या, बाही वर करा!"

काकानं खुर्ची फिरवली, बॅनरकडं पाठ केली, डोळे मिटले. सुई टोचली. भाईंनी चहा पुढं केला. काकानं बॅनरकडं एकदा बघितलं, कपाकडं बघितलं आन् पिऊन टाकला.

"साखर कमी आहे तुमच्या पक्षात," म्हणला.

"तुझ्या शुगरसाठीच कम डाली रे!"

पण काका कसला थांबतोय! लसीच्या दुसऱ्या खेपेला त्यानं पळापळ करून शाळेत आपल्या पक्षाचा मांडव टाकला. बॅनर भाईंच्यापेक्षा मोठं! आपली माणसं धडाधड आली. समोरच्यांची उरलेली मात्र आता घराबाहेर निघंनात, बॅनर काकाचं होतं ना!

भाई डोकं धरून बसले. काकानं मला हाक मारली, खांद्यावर हात टाकला.

"त्यांच्या साहेबाचा आवाज येतो का रं तुला?"

"लई भारी येतो!"

"मग जा त्यांच्या गल्लीत, काढ सगळ्यांना सुईसाठी बाहेर. भाईला बी घेऊन जा संगं." मग त्यानं स्वतःचा गमछा काढला, मांडवाच्या खांबाला बांधला. "आन् हे बघ, गमछा भाईकडून त्यांचाच घे. माझा घालून गेलास तर कुणी दार उघडायचं नाय."