जमिनीपासून चार बोटं

माझा जावई बुन्यामिन सहा फूट दोन इंच उंच आहे, वजन शंभर किलोच्या पुढे, आणि त्याची पांढरी शाहीन गाडी जमिनीपासून उभ्या सिगारेटच्या पाकिटाइतकी वर. तो त्या गाडीत शिरतो तेव्हा माणूस गाडीत बसला असं वाटत नाही, त्यानं गाडी अंगात घातली असं वाटतं.

आमच्या सालिहली गावात त्याला सगळे ओळखतात, कारण कधी ना कधी प्रत्येकजण त्याच्यामागे खोळंबलेला आहे. स्पीडब्रेकर आला की शाहीन थांबते. मागची दारं उघडतात. आधी त्याची आई हाफिझे उतरते, मग मामा, मग मामाच्या मांडीवरचं कलिंगड. सगळे चालत पलीकडे जातात. बुन्यामिन मान खिडकीबाहेर काढून गाडी तिरकी घालतो आणि एकेक चाक असं चढवतो, जसं कोणी झोपलेल्या मुलाच्या अंगावरून पाय टाकतं. मग मंडळी पुन्हा आत बसतात. बाजारापासून त्यांच्या घरापर्यंत असे सात स्पीडब्रेकर आहेत. हाफिझे म्हणते, "मी बाजारात गाडीनं जाते ते फक्त नावाला. चालायचं तेवढं चालतेच, वर दारं उघडा आणि लावा."

तो विटांच्या कारखान्यात भट्टीवर काम करतो. इझमीरहून आखूड स्प्रिंगांचा तयार संच आणायचा तर तीन महिन्यांचा पगार गेला असता. म्हणून त्यानं मूळच्याच स्प्रिंगा कापल्या. पहिल्या वेळी एका मित्राच्या सल्ल्यानं गॅसच्या ज्योतीनं कापल्या. पोलाद तापून मऊ पडलं, आणि महिनाभर त्याची गाडी डाव्या कुशीवर कलून फिरत होती. भंगारवाल्याकडून दुसऱ्या आणल्या. या वेळी ग्राइंडरनं, वरून पाणी सोडत, संध्याकाळभर एकेक कापली. पुढच्या दीड वेढा आणि मागच्या एक. सैल बसल्या त्या तारेनं बांधल्या. आखूड शॉकअप कुठल्याशा मोडक्या गाडीचे मिळाले. दर दोन वर्षांनी सरकारी तपासणी येते, तेव्हा तो काकाच्या गाडीच्या स्प्रिंगा काढून आपल्या गाडीला लावतो. त्या दिवशी काकाची गाडी अंगणात विटांवर उभी असते आणि काका घरी.

हे सगळं मला त्यानं पहिल्याच भेटीत सांगितलं. मी फक्त "कसा आहेस" विचारलं होतं.

तशी ती पहिली भेट नव्हे. सातवीत मीच त्याला विज्ञान शिकवलं होतं. तेव्हाही तो शेवटच्या बाकावर इतका खाली घसरून बसायचा की हजेरी घेताना नुसता आवाज यायचा. त्याच वर्षी माझी शेर्मिन जन्मली. पुढे ती चार वर्षं इंजिनियरिंग शिकली आणि त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागली. तिथं ती विटा फोडते. तपासणीसाठी फोडते, पण फोडतेच. बुन्यामिन भट्टीतून नमुन्याच्या विटा आणून द्यायचा. किती विटा लागल्या ते मला माहीत नाही. पुढे ती त्याच्या गाडीतून घरी येऊ लागली, म्हणजे थोडी गाडीतून आणि थोडी पायी.

मी काळजी करणारी बाई आहे हे मी मान्य करते. शेर्मिन दहा मिनिटं उशिरा आली की माझ्या डोळ्यांपुढून रुग्णवाहिका जाते. पण मार्चमध्ये ती लंगडत घरात आली, तेव्हा माझ्या काळजीला पहिल्यांदा पुरावा मिळाला.

"काय झालं?"

"स्पीडब्रेकरला उतरले, तर खडीवर पाय मुरगळला."

"उतरायला कोणी सांगितलं?"

"आई, सायलेन्सर घासला असता."

"आणि घोटा?"

"घोटा आपोआप बरा होतो. सायलेन्सर होत नाही."

ती हे अगदी शांतपणे म्हणाली, बर्फाची पिशवी पायावर धरून. माझा नवरा मुअम्मर वर्तमानपत्रामागून म्हणाला, "तसं बरोबर आहे तिचं." मुअम्मरला बुन्यामिन आवडतो, कारण मुअम्मर बोलत असताना बुन्यामिन घड्याळ बघत नाही.

मला मात्र त्या दिवसापासून दुसरं काही सुचेना. उद्या हिला ताप असेल, उद्या ही सात महिन्यांची पोटुशी असेल, आणि पुढं स्पीडब्रेकर येईल. हा माणूस आधी कुणाला जपेल, माझ्या मुलीला की त्या पत्र्याला? मुलगा कष्टाळू आहे, दारू पीत नाही, आईला मान देतो, हे सगळे सांगत होते. हाफिझेला उतरताना मीच बघितलं होतं. मानाचा भाग मला माहीत होता.

मेमध्ये ते मागणी घालायला आले. तेही टप्प्याटप्प्यानं. आधी हाफिझे चॉकलेटचा डबा घेऊन पायी आली, पाठोपाठ फुलं घेतलेले काका, आणि बऱ्याच वेळानं, कोपऱ्यावर कुठंतरी अडकून सुटलेला, घामाघूम नवरदेव. शेर्मिननं रिवाजाप्रमाणे, नवरदेवाची परीक्षा म्हणून, त्याच्या कॉफीत मीठ घातलं. तिनं किती घातलं ते मी बघितलं होतं. त्यानं ती पाण्यासारखी पिऊन कप खाली ठेवला. काकांनी घसा खाकरून, अल्लाच्या आज्ञेनं आणि पैगंबराच्या शब्दानं, मुलगी मागितली. मुअम्मर "देव भलं करो" म्हणायला तोंड उघडतोय, तेवढ्यात मी म्हटलं, "माझी एक अट आहे."

हाफिझेचा हात आपोआप पर्सकडे गेला. तिला वाटलं, बांगड्या.

"सोनं नको. गाडी चार बोटं वर करायची."

काकांनी छताकडे बघितलं. स्वतःच्या स्प्रिंगा आठवल्या असाव्यात.

"बाई," बुन्यामिन म्हणाला, "चार बोटांनी तिची टॅक्सी होईल."

"तीन."

"एक. मधे रबर घालतो."

"तीन म्हणाले मी."

"नेस्लिहान," मुअम्मर हळूच म्हणाला, "आपण सोनंच मागूया का? त्यात निदान भाव ठरलेला असतो."

"अजून मागा, बाई, दबू नका," हाफिझे पुटपुटली. ती कुठल्या बाजूची पाहुणी होती ते काकांना कळेना.

दोन बोटांवर सौदा पटला. बुन्यामिनचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मिठाच्या कॉफीनं जे झालं नव्हतं ते दोन बोटांनी झालं. मला वाटलं, आता लोखंड तापलंय तोवर विचारून घ्यावं.

"एक सांग मला. गाडी आणि शेर्मिन, दोघींपैकी एकीला ओरखडा येणारच असेल, तर कुणाला येऊ देशील?"

तो विचार करू लागला. हाच त्याचा गुन्हा. कुठलाही मुलगा इथं पटकन उत्तर देऊन मोकळा झाला असता, आणि खोटं का होईना, मी ते घेतलं असतं. यानं कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाला, "बाई, वेग किती?"

लग्न सप्टेंबरातलं ठरलं. त्यानं शब्द पाळला. कारखान्याच्या जुन्या पट्ट्याचं रबर कापून स्प्रिंगांच्या वेढ्यांत बसवलं, आणि मी स्वतः गुडघे टेकून मोजलं, दोन बोटं पुरती. "रिकामी मोजली ना, बाई?" तो म्हणाला. "तेवढं लक्षात ठेवा. भरली की बसते."

माझ्या लक्षात राहिलं नाही. लग्नाच्या सकाळी, फुलांनी सजवायला त्यानं आमच्या दारात आणून ठेवलेल्या शाहीनची डिकी मी भरत होते. बारा किलोची लोकरी गादी. टोमॅटोच्या घट्ट रसाच्या नऊ बरण्या. सुपासाठी वाळवलेला तऱ्हाना, लोणची, द्राक्षाच्या पानांचे दोन डबे, प्रेशर कुकर, माझ्या आईची तांब्याची परात. सासर हेही घर आहे आणि तिथलेही जेवतात, हे मला मुअम्मरनं दोनदा सांगितलं. डिकीत आधीच दोन फळ्या होत्या, त्या मी काढून ठेवल्या. फळ्या कशाला लागतात लग्नाला.

दुपारी ढोल आणि सनई वाजत वरात आली, वरच्या बाजारपेठेच्या रस्त्यानं. मुअम्मरनं शेर्मिनच्या कमरेला लाल फीत बांधली, आणि त्याला गाठ मारता येईना. बुन्यामिन स्वतःच चालवणार होता. त्या गाडीचं स्टिअरिंग तो दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाही. शेर्मिन मागे बसली, पांढऱ्या घोळाचा ढीग आत कोंबला, दार लावलं. नवरीचं सासरच्या घरात पाऊल पडेपर्यंत तिचे पाय रस्त्याला लागू द्यायचे नाहीत, एवढं तर लहान पोरांनाही माहीत असतं. आणि वरात आल्या वाटेनं परत नेत नाहीत. म्हणून निघाली ती खालच्या बाजूनं.

खालच्या टोकाला, शाळेसमोर, स्पीडब्रेकर आहे. दोन वर्षांपूर्वी मीच तो नगरपालिकेकडून करून घेतला. एकशे चाळीस सह्या गोळा केल्या होत्या. उंच करा, दिसला पाहिजे, असं मी लिहून दिलं होतं, आणि उभ्या आयुष्यात नगरपालिकेनं माझं तेवढं एकच म्हणणं ऐकलं.

शाहीन थांबली. मागे अकरा गाड्या थांबल्या. ढोलवाला चार थापा वाजवून गप्प झाला. बुन्यामिन उतरला, काळ्या सुटात रस्त्यावर आडवा पडला, खाली हात घालून बघितलं. उठला तेव्हा छातीवर धुळीचा पट्टा होता.

"डिकीत काय आहे?" त्यानं विचारलं.

मी मुअम्मरकडे बघितलं. मुअम्मर म्हणाला, "टोमॅटो."

"सामान उतरवून घेऊ," त्याचा एक मित्र म्हणाला.

"भर रस्त्यात?" त्याची काकू कडाडली. "गल्ली म्हणेल, पोरगी गेली नाही तोच सामान परत आलं."

"मग फळ्या काढ, चाकांखाली घालू."

त्यानं डिकी उघडली. फळ्या नव्हत्या. त्यानं माझ्याकडे बघितलं, पण विचारलं नाही. याचे गुण मी त्याला देते.

"मग वहिनी दोन मिनिटं उतरतील," मित्र म्हणाला. "रोजच उतरतात."

मी घराच्या पायरीवरून पळत तिथवर आले होते. मला तो घोटा दिसत होता, बर्फाची पिशवी दिसत होती. बुन्यामिननं स्पीडब्रेकरकडे बघितलं, मग गाडीच्या पोटाकडे. सहा वर्षं त्या गाडीतून त्यानं आईला, मामाला, कलिंगडाला उतरवलं होतं.

"आज कोणी उतरणार नाही," तो म्हणाला.

"अरे, सायलेन्सर तुटून पडेल. चेंबर फुटेल."

"फुटू दे."

तो आत बसला. त्यानं दार लावलं, पट्टा लावला, पहिला गिअर टाकला. मला बाजूनं त्याचा जबडा दिसत होता. दात उपटून घ्यायला बसलेल्या माणसासारखा. मार्चपासून मला जे उत्तर हवं होतं ते माझ्यासमोर इंजिन चालू करून उभं होतं, आणि मी शाळेच्या कुंपणाला धरून रडायला लागले.

मागचं दार उघडलं. आधी एक पांढरी चप्पल बाहेर आली, मग घोळ, मग शेर्मिन.

"वेडा झालास का?" ती खिडकीतून नवऱ्याला म्हणाली. "सायलेन्सर मंगळवारी लावलाय आपण. माझ्या नखांतलं ग्रीस अजून गेलेलं नाही."

"शेर्मिन, आत बस," तो म्हणाला. "लोक बघतायत."

"बघू दे. डावीकडे घे."

काकूनं तोंडावर हात ठेवला. कोणीतरी देवाचं नाव घेतलं. माझी मुलगी दोन्ही हातांनी झगा गुडघ्यापर्यंत उचलून स्पीडब्रेकरच्या पलीकडे जाऊन उभी राहिली, आणि वाकून गाडीच्या पोटाखाली बघत हातानं खुणावू लागली. "अजून डावीकडे. ये. ये. थांब. आता उजवं चाक. हळू, बुन्यामिन, हळू, आईचे टोमॅटो आहेत." गाडी तिरकी चढली, कण्हली, एकदा खर्रकन घासली आणि उतरली. शेर्मिननं खाली डोकं घालून बघितलं, उठून हात झटकले, आणि मागे जाऊन बसली. जाता जाता मला म्हणाली, "आई, रडू नकोस, नुसता रंग गेलाय."

ढोल पुन्हा सुरू झाला.

हाफिझे दुसऱ्या गाडीत होती, चांगल्या उंच गाडीत, पण स्पीडब्रेकर बघून सवयीनं उतरली होती. ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. आम्ही दोघी शाहीनकडे बघत राहिलो.

"बाई," ती म्हणाली, "मला वाटलं होतं, शिकलेली सून येतेय, याला वळण लावेल."

"मलाही तेच वाटलं होतं."

"आता दोघं मिळून मला उतरवतील," हाफिझे म्हणाली, आणि पर्स काखेत मारून पलीकडे चालत गेली.